घर गहाण ठेवून शुक्रवार विकत घ्यावा का?

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. वय ४७, नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात. धाकट्या भावाने तीन वर्षं खपून एक मराठी सिनेमा पूर्ण केलाय. गोष्ट निवृत्त एसटी वाहक आणि त्याच्या मुलीची आहे. त्यांचे वडीलही वाहकच होते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात आलंय. वितरकाचं म्हणणं, एका मोठ्या हिंदी सिनेमाच्याच शुक्रवारी लावू, थिएटरला गर्दी असते, त्यातली थोडी आपल्याकडे वळते. १२० पडदे मिळवून देतो. प्रसिद्धी आणि प्रदर्शनाला २० लाख लागतील. वडील राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत आणि सहकर्जदार म्हणून ताईंची सही हवी आहे. त्या लिहितात, "सिनेमा बघून मी रडले. तरी सही करायला हात धजत नाही. मोठ्या सिनेमांपुढे आपल्यासारख्यांचं काही चालत नाही हे दिसतंय. सही केली नाही तर माझा भावावर विश्वास नाही असं होईल. केली आणि बुडालं, तर आईबाबा कुठे जातील?"

ताई,

या कर्जावर सही करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण तुम्ही जे कारण धरून बसला आहात, त्या कारणासाठी करू नका असं मी म्हणत नाही. मोठ्या सिनेमापुढे छोट्याचं काहीच चालत नाही, हे मला पटत नाही. आणि सही म्हणजे विश्वास, हे तर अजिबातच पटत नाही.

तुम्ही रोज कर्ज प्रकरणं हाताळता. एखादा सज्जन, कष्टाळू माणूस समोर येतो, त्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास असतो, तरी तुम्ही विचारताच ना, हप्ता कशातून फेडणार? तो प्रश्न विचारल्याने त्याचा अपमान होत नाही. भावाला मात्र तो विचारायला तुम्ही घाबरताय, कारण त्याने तीन वर्षं घातली आहेत आणि त्या सिनेमात तुमचे वडील आहेत. मला ते कळतं. म्हणून तुमच्या वतीने तो हिशेब मी इथे मांडते. वितरकाने तो तुमच्यापुढे मांडलेला पत्रात तरी दिसत नाही.

तिकीट १५० रुपयांचं धरू. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की उरतात १२७. त्यातला निम्मा हिस्सा थिएटरचा, म्हणजे तुमच्याकडे येतात साडेत्रेसष्ट. वितरकाचं कमिशन दहा टक्के धरलं, तर एका तिकिटामागे भावाच्या हाती पडतात साधारण ५७ रुपये. वीस लाख परत यायला या हिशेबाने ३५,००० तिकिटं खपायला हवीत. यात सिनेमा बनवायला लागलेला एक रुपयाही धरलेला नाही आणि कर्जाचं व्याजही नाही. १२० पडदे, प्रत्येकी रोज एक खेळ, सात दिवस, असे झाले ८४० खेळ. दर खेळाला ४० ते ४२ माणसं यायला हवीत, मंगळवारी दुपारी साडेबारालासुद्धा. त्याच इमारतीत शेजारच्या पडद्यावर सगळ्या देशात गाजत असलेला सिनेमा चालू असताना.

आता यातली खरी गोम बघा. पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के जातात. पुढे तो वाटा उतरत जातो. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात २००९ साली मोठं भांडण झालं होतं, दोन महिने नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागले नव्हते. ते मिटताना जी वाटणी ठरली ती अशी होती: पहिला आठवडा ५० टक्के, दुसरा साडेबेचाळीस, तिसरा साडेसदतीस, पुढे ३०. तुमच्या करारातले आकडे वेगळे असू शकतील, ते शब्दन्‌शब्द वाचा. पण उतरंड अशीच असते. म्हणजे आपल्या उदाहरणात दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट ४९ रुपये देतं आणि तिसऱ्यातलं ४३.

ही वाटणी मोठ्या सिनेमाला मानवते, कारण त्याचा बहुतेक धंदा पहिल्या तीन-चार दिवसांतच होतो. नट ओळखीचा, गाणी तोंडात बसलेली, जाहिरात महिनाभर आधीपासून. तुमच्या भावाच्या सिनेमाचं उलट असणार. शुक्रवारी बारा माणसं बघतील. त्यातल्या आठजणांना तो भिडला, तर ते रविवारी घरात सांगतील, सोमवारी कामावर सांगतील, आणि ऐकणारा माणूस सवड काढून पुढच्या बुधवारी नाहीतर शनिवारी निघेल. तोवर सिनेमा थिएटरात असला पाहिजे. छोट्या सिनेमाला पडद्यांपेक्षा दिवस जास्त लागतात. वितरक तुम्हाला पडदे विकतोय, आणि दिवसांबद्दल त्याने तुम्हाला काय सांगितलं आहे? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

मी बरीच वर्षं आमच्या शहरात एक छोटी फिल्म सोसायटी चालवायला मदत करते, त्यामुळे हे दिवस कसे हातातून जातात ते जवळून पाहिलं आहे. एका मराठी सिनेमाला आम्ही अकराजण ठरवून सोमवारी संध्याकाळी गेलो. सिनेमा शुक्रवारीच लागला होता. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, शो कॅन्सल, बुकिंगच नव्हतं. आम्ही अकराजण आलोय म्हटलं, तर म्हणाला, आता त्या पडद्यावर दुसरा शो टाकलाय. त्याचा काही दोष नव्हता. आम्ही ऑनलाइन तिकिटं काढली नव्हती, खिडकीवर काढू म्हणून थांबलो होतो. त्या दिवसापासून मी आमच्या मंडळींना सांगत आले आहे, छोटा सिनेमा बघायचा असेल तर तिकीट आदल्या दिवशी काढा. थिएटरचा मॅनेजर शो ठेवायचा की उतरवायचा हे ऑनलाइन बुकिंगमध्ये दिसणाऱ्या खुर्च्यांच्या रिकाम्या-भरल्या चौकोनांवरून ठरवतो. त्या चौकोनांत आपण दिसलोच नाही, तर त्याच्या लेखी आपण नाहीच.

तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते, की मोठा सिनेमा छोट्याला मारतो. कधी मारतो, खरं आहे. आणि हे दुखणं जुनं आहे. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळेना, मालकाला तिथे हिंदी सिनेमा हवा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा तो लागला. २०१३ साली 'दुनियादारी' चालू असताना 'चेन्नई एक्सप्रेस'साठी त्याचे खेळ काढले जाणार म्हणून रान पेटलं होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळात मराठी सिनेमा दाखवायची सक्ती जाहीर केली आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. दुपारी १२ ला प्राइम टाइम म्हणायचं तर कामावर जाणाऱ्या माणसाने सिनेमा कधी बघायचा, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो. मराठी सिनेमाला महाराष्ट्रात संध्याकाळ मागावी लागते याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ती मागणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

तरी त्यातलं एक लक्षात घ्या. 'दुनियादारी'साठी भांडण झालं तेव्हा तो तीन आठवडे चालत होता, प्रेक्षक त्याच्या पाठीशी उभा होता. राखण्यासारखं काहीतरी आधी जमलं होतं. आंदोलनाने खेळ मिळतो. खुर्चीतलं माणूस आधी सिनेमानेच जोडावं लागतं.

आणि ते जोडायला मोठ्या सिनेमाच्या आधी थोडा वेळ मिळाला, तर मोठा सिनेमा येऊनही छोटा टिकतो. 'बारावी फेल' आठवतो? २७ ऑक्टोबर २०२३ ला आला. मोठा नट नाही, मारामारी नाही, एका मुलाची परीक्षेची गोष्ट. १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, 'टायगर ३' आला. मधल्या पंधरा दिवसांत 'बारावी फेल'ची चर्चा घराघरांत पोचली होती. तो उतरला नाही, पुढे कित्येक आठवडे चालत राहिला. त्याच्यामागे दिग्दर्शक विधू विनोद चोप्रांचं नाव आणि ताकद होती, हेही मान्य. पण वाघाच्याच दिवशी तो आला असता, तर ते पंधरा दिवस त्याला कुठून मिळाले असते?

गर्दी आपल्याकडे वळते, हे वितरकाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एखाद्याला तिकीट मिळत नाही, मुलं बरोबर असतात, मग जे लागलंय ते बघतात. पण मल्टिप्लेक्सला मोठ्या सिनेमाचा पुढचा खेळ अर्ध्या-पाऊण तासात असतो, आणि तालुक्याच्या एकपडदा थिएटरात तर त्या आठवड्यात बहुतेक वेळा सगळे खेळ त्याच सिनेमाला दिलेले असतात. वळणारा माणूस वळून जाणार कुठे? आणि ज्याला मोठ्या सिनेमाची भूक आहे तो तुमच्या वडिलांच्या गोष्टीसमोर बसला, तर बाहेर येऊन काय सांगेल, याचाही विचार करा.

शिवाय आपल्या सिनेमाची टक्कर दरवेळी हिंदीशीच असते असंही नाही. १२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी 'दशावतार', 'बिन लग्नाची गोष्ट' आणि 'आरपार' असे तीन मराठी सिनेमे आले. पुण्यातला किंवा ठाण्यातला मराठी प्रेक्षक महिन्यातून एकदा, फार तर दोनदा खिसा मोकळा करतो. चौघांचं कुटुंब, तिकिटं, मध्यंतरातलं खाणं, गाडी लावायचे पैसे. तो एका शुक्रवारी तीन सिनेमे बघत नाही. तारीख ठरवताना भावाने हिंदीचं वेळापत्रक बघितलं असेल, मराठीचंही बघितलंय का, ते विचारा. दहावी-बारावीच्या परीक्षा, आयपीएलच्या संध्याकाळी, गणपतीचे दहा दिवस, हेही बघा. तुमच्या सिनेमाचा प्रेक्षक चाळिशी-पन्नाशीपुढचा असावा असा माझा अंदाज आहे. त्याला सुट्टीची गर्दी नको असते.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर भावाला म्हटलं असतं, १२० पडदे नकोत, दहा दे. पण तीन आठवडे दे, आणि संध्याकाळचा नाहीतर शनिवार-रविवारी दुपारी चारचा खेळ दे. कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर, सांगली, पुण्यात दोन, आणि मुंबई-ठाण्याकडे जिथे आपल्या भागातली माणसं राहतात तिथे तीन-चार. याला वीस लाख लागणार नाहीत. किती लागतील ते वितरकाकडून लेखी घ्या, त्यात डिजिटल प्रदर्शनाचं दर पडद्यामागचं शुल्क वेगळं दाखवायला लावा, कारण १२० पडद्यांत तीच रक्कम गुपचूप फुगते. समजा चार लाखांत बसलं. तीन आठवड्यांची सरासरी धरून तिकिटामागे ५० रुपये सुटले, तर ८,००० तिकिटं लागतील. दहा ठिकाणी रोज एक खेळ म्हणजे २१ दिवसांत २१० खेळ, दर खेळाला ३८ माणसं. बघा, दर खेळाचा आकडा फारसा खाली आला नाही, हे मी लपवत नाही. बदललं ते एवढंच, की बुडालं तर चार लाख बुडतात. ते तुम्ही भावंडं मिळून दोन-तीन वर्षांत फेडाल. घर जागेवर राहतं. आणि पहिल्या आठवड्यात दहापैकी सहा ठिकाणी लोक आले, तर अकरावं थिएटर मागायला तुमच्या हातात पुरावा असतो.

ती ३८ माणसं कोण, हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पत्रात तुम्ही तीन वेळा 'प्रेक्षक' असं लिहिलंय, जणू तो कुठेतरी दूर बसलेला कुणी अनोळखी माणूस आहे. ताई, तुमचा प्रेक्षक आगारात बसलाय! राज्यात एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. प्रत्येक आगारात चालक, वाहक, मेकॅनिक, आणि गावात निवृत्त झालेली माणसं, त्यांच्या बायका, त्यांच्या मुली. तिकिटांची पेटी आणि पंच घेऊन चाळीस वर्षं उभ्याने नोकरी केलेल्या माणसाची गोष्ट पडद्यावर किती वेळा आली? २०२३ च्या जूनअखेर आलेला 'बाईपण भारी देवा' आठवा. बायका गटागटाने, एकसारख्या साड्या नेसून, भिशीचे ग्रुप, सोसायटीचे ग्रुप करून गेल्या. सासूला घेऊन गेल्या, मग आईला घेऊन पुन्हा गेल्या. त्या सिनेमाने ७० कोटींच्या पुढे गल्ला केला. तेवढं तुमचं होईल असं मी म्हणत नाही. पण प्रेक्षकाला तो सिनेमा आपला वाटला, आणि आपल्यासारख्यांना बरोबर न्यावासा वाटला, हे तुमच्या गोष्टीतही होऊ शकतं.

म्हणून तारखेच्या महिनाभर आधी वडिलांनी त्यांच्या जुन्या आगारात जावं. भाषण नको, चहा प्यायला जावं. निवृत्त मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. एका खेळाची पन्नास तिकिटं एकत्र काढली, तर थिएटरवाला वेळेबद्दल ऐकून घेतो, हा माझा अनुभव आहे. दराबद्दलही बोलून बघा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे शंभराच्या तिकिटात कर काढून ९५ रुपये उरतात. तुमचा वाटा थोडा घटेल, पण निवृत्तिवेतनावरचा माणूस बायकोला घेऊन येईल. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर तिकीट ७५ रुपये केलं होतं, तेव्हा एका दिवसात ६५ लाख लोक थिएटरात आले होते. लोकांना थिएटर नकोसं झालेलं नाही.

ओटीटीचं तुम्ही विचारलं आहे. चांगल्या किमतीला गेला तर आनंदच, पण हल्ली कंपन्या आधी थिएटरात काय झालं ते विचारतात, त्यामुळे त्या भरवशावर आज एक रुपयाही उसना घेऊ नका. शासनाच्या अनुदानासाठी अर्ज जरूर करा. परीक्षण होऊन दर्जा ठरतो, मग पैसे येतात, आणि त्याला वेळ लागतो. ते हातात पडेल तेव्हा आपलं.

आता घरातलं. पत्रात वडील तयार आहेत, भाऊ अडून बसलाय, तुमची घालमेल चाललीय, हे सगळं आहे. आई फक्त शेवटच्या ओळीत येतात, त्याही 'आईबाबा' म्हणून. त्यांना कुणी विचारलं का? त्या घरात रोजचा दिवस त्या काढतात. भावाशी बोलण्याआधी एकदा आईजवळ बसा, दोघीच. त्या काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, पण ते ऐकल्याशिवाय या घरावर कुणीच सही करू नये, वडिलांनीही नाही.

आणि भावाशी बोलताना कर्जापासून सुरुवात करू नका. तुम्ही रडलात ते त्याला सांगितलंय का? कुठल्या प्रसंगाला रडलात, ते? मला वाटतं, तुम्ही सगळ्यांसमोर 'छान झालाय' म्हणालात आणि आत निघून गेलात. तो गेली तीन वर्षं या माणसाची वाट बघतोय, जो त्याला सांगेल की ती बाबांची हातातली चिल्लर मोजायची सवय तू बरोबर पकडलीस. हे त्याला आधी मिळू दे. मग वहीत ३५,००० चा आकडा दाखवा. तो चिडेल, म्हणेल तुला सिनेमातलं काय कळतं. म्हणा, मला कर्जातलं कळतं, आणि सिनेमा तुझा उत्तम झालाय म्हणूनच तो एका आठवड्यात संपावा असं मला वाटत नाही.

त्याने तरीही १२० चाच हट्ट धरला, तर तो त्याच्या स्वतःच्या नावावर जे काढू शकतो ते काढेल, आणि तुम्ही त्याच्या प्रत्येक खेळाला माणसं आणाल. त्याची बहीण असायला तुमची सही लागत नाही.

याच पेचात आणखीही काही घरं असणार. हल्ली कॅमेरा स्वस्त झालाय, सिनेमा बनतो, आणि घरं गहाण पडतात ती बहुतेक प्रदर्शनाच्या वेळी. त्यांना माझी एकच विनंती आहे. शूटिंगचा पहिला दिवस ठरवतानाच प्रदर्शनाचे पैसे बाजूला काढून ठेवा, शूटिंग चार दिवस कमी झालं तरी चालेल.

तारीख ठरली की कळवा, ताई. कऱ्हाडला मी शुक्रवारी येणार नाही, शनिवार-रविवारी तुमचीच माणसं असतील. मी सोमवारी संध्याकाळच्या खेळाला येईन. आमच्या सोसायटीची अकरा माणसं बरोबर असतील आणि तिकिटं रविवारीच काढलेली असतील.